दसऱ्याचं पहिलं सोनं

दसऱ्याच्या दिवशी कौशल्या इंगोलेच्या दारात पहिलं सोनं यायचं ते साईनाथचं. शेजारीपाजारी, जावा, लेकीच्या मैत्रिणी, सगळे त्याच्या मागून. धायरीतल्या त्या दोन खोल्यांच्या उंबऱ्यावर झेंडूचं तोरण चढतं न चढतं तोच खाली मोटारसायकल थांबायची. अलीकडे मोटार थांबू लागली होती, एवढाच काय तो फरक. मग जिन्यावरून हाक यायची, "मावशी, सोनं घ्या!" आपट्याची पानं तिच्या हातावर ठेवून तो वाकून पाया पडायचा. कौशल्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "सोन्यासारखा राहा." आणि चाळीतल्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुढे म्हणायची, "साहेब, चहा घेऊनच जायचं."

तो खरंच साहेब झाला होता. पण कौशल्याला आठवायचा तो आयटीआयमधून नुकताच आलेला, बावरलेला पोरगा.

कारखाना धायरीच्याच एका गल्लीच्या टोकाला होता. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात बसवतात ना, ते यंत्र; त्याच्या पोटात तांब्याच्या तारेची एक गुंडाळी असते. तांदळाच्या दाण्याएवढी. तिला कॉइल म्हणतात. त्या कॉइल इथे तयार व्हायच्या आणि समुद्रापार जायच्या. तार माणसाच्या केसाहून बारीक. ती गुंडाळायचं काम मशीन करतं हे खरं, पण तार मशीनपर्यंत धरून नेणारी बोटं बाईची. ओढ जरा जास्त झाली की तार तुटते, जरा कमी झाली की गुंडाळी सैल पडते आणि कुणा म्हाताऱ्याच्या कानात नातवाचा आवाज पोचत नाही.

साईनाथला पहिल्या दिवशी एकही कॉइल जमली नव्हती. तार तुटायची, तो घाबरून इकडेतिकडे बघायचा. कौशल्या त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"डोळे मिट," ती म्हणाली.

"डोळे मिटून काम कसं करायचं, मावशी?"

"ही तार डोळ्याला नीट दिसत नाही, आणि तरी तो मधे मधे करतो. त्याला घरी बसव. बोटाला विचार."

"तुटेल."

"तुटू दे. तुटल्याशिवाय बोटाला कळत नाही."

ती रागावली नाही, घाई केली नाही. शिकवायची तिला आवडच होती. समोरच्याच्या बोटाला कधी कळलं हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून समजायचं. भुवया सैल पडायच्या. साईनाथच्या भुवया सैल पडल्या तो क्षण तिने अनेकदा अनेकांना सांगितला होता. पुढे तो सुपरवायझर झाला, मग मॅनेजर झाला. कारखाना परदेशी मालकांनी विकत घेतला तेव्हा जुने साहेब गेले आणि साईनाथ राहिला. बायकांना त्याचा आधार वाटला. आपल्यातलाच माणूस वर बसलाय, असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी श्रावणात पाहुणे आले. व्हिएतनामहून. दोन पुरुष आणि थुई नावाची एक तरुण मुलगी. काम शिकून घ्यायला आलेत, असं सांगण्यात आलं.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. श्यामला कौशल्याच्या शेजारच्या मशीनवर बसायची. माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे जिभेला धार जन्माचीच. डब्यातल्या भाजीकडे बघत ती म्हणाली, "पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक जेवून जातात, एक घर बघून जातात."

"आपण नाही शिकवायचं," हिरा म्हणाली. ती हॉलमध्ये वयाने सगळ्यांत लहान. "तार तुटली की म्हणायचं, मशीनच खराब आहे."

बायकांनी दोन दिवस तसंच केलं. थुई बिचारी जिच्या-तिच्या स्टुलामागे उभी राहायची आणि कुणी तिच्याकडे बघायचं नाही. तिसऱ्या दिवशी साईनाथने कौशल्याला केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः उठून लावलं आणि तिच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"मावशी, तिकडे एक जादा लाइन टाकतायत. ऑर्डरी वाढल्यात, आपल्याला झेपत नाहीत."

"म्हणजे इथलं काम तिकडे?"

"इथलं इथेच. वाढलेलं तिकडे. पण आपल्या बायका अशा वागल्या तर वरचे म्हणतील, पुण्यात सहकार्य नाही. मग मात्र माझं तोंड बंद होईल."

"खरं सांगतोस?"

"मी तुमच्याशी खोटं बोलेन का?"

कौशल्या उठली, हॉलमध्ये आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "शिकवा. त्या पोरीचा काय दोष? साईनाथशी बोलून आले मी. माझ्या शब्दावर शिकवा."

श्यामलाने चष्मा कपाळावर ढकलला. "तुझा शब्द आम्हाला चालतो गं. पण हा शब्द तुझाच आहे ना? की त्याचा, तुझ्या तोंडून?"

"माझा," कौशल्या म्हणाली.

आणि बायकांनी शिकवलं. एकदा शिकवायचं म्हटल्यावर हात आखडता घेणं त्यांना जमेना. हिरा फोनवर बोलायची, फोन थुईच्या भाषेत लिहून दाखवायचा. कौशल्याने थुईला डोळे मिटायला लावलं. तार तुटली, परत तुटली, आणि एका दुपारी त्या मुलीच्या भुवया सैल पडल्या. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. श्यामलानेही वाजवल्या, दोनच, पण वाजवल्या.

जायच्या दिवशी थुईने कौशल्याच्या मशीनवर हात ठेवला, फोनवर काहीतरी लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. मराठीत उमटलं होतं, 'मी या मशीनची नीट काळजी घेईन.'

"तिकडेही अशीच मशीन असतील," कौशल्या कौतुकाने म्हणाली. "पोर गुणाची आहे."

नवरात्र आलं. कारखान्यातल्या माणसाला खंडेनवमी म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. शेतकरी जसा पोळ्याला बैल धुतो, तसं कामगार त्या दिवशी मशीन धुतो. वर्षभर जे आपल्यासाठी राबलं त्याला पुसायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायचं नाही. त्याची ती सुट्टी. बायका नट्टापट्टा करून येतात, पोरंबाळं येतात, आईचं मशीन कोणतं ते बघून जातात. हिरा हळदकुंकू वाहत नसे. ती बौद्ध घरातली. "पूजा तुमची, सफाई माझी," असं म्हणून ती मशीन असं लख्ख पुसायची की बाकीच्यांच्या हारांची शोभा उतरावी.

त्या वर्षी साईनाथने पूजेचा थाट वाढवला होता. पेढे, रांगोळी, फोटो काढायला माणूस. आणि एक सूचना. हॉलला सुट्टीत रंग लावायचाय, तेव्हा पूजेनंतर मशीनला ग्रीस लावून प्लास्टिकमध्ये नीट बांधून ठेवा. ग्रीसचे डबे आणलेले होते. जाड, पिवळं ग्रीस.

कौशल्याने बोटावर घेऊन पाहिलं. "एवढं जाड? सुट्टीनंतर हे पुसून काढायलाच अर्धा दिवस जाईल."

"रंगाची धूळ बसायला नको, मावशी. नाजूक मशीन आहेत."

"मग फरशीवर कागद का नाही टाकला रंगाऱ्यांनी?" श्यामलाने विचारलं. ते तिने कुणालाच विचारल्यासारखं विचारलं.

साईनाथ नारळ फोडायला पुढे आला तेव्हा श्यामला कौशल्याच्या कानाशी लागली. "आता विचार त्याला. नारळ हातात आहे तोवर. सगळ्यांसमोर."

कौशल्याला बरं वाटलं नाही. पोराच्या शब्दावर शंका घेतल्यासारखं होईल. पण दुसऱ्या मनाने तिला तेच हवं होतं. एकदा त्याने पूजेच्या नारळावर सांगितलं की श्यामलाचं तोंड कायमचं बंद. नारळ हातात घेऊन, मशीनसमोर उभं राहून माणूस खोटं बोलत नाही. निदान ह्या हॉलमध्ये कुणी कधी बोललं नव्हतं. ती पुढे झाली.

"साईनाथ, एक सांग. ह्या बायकांना सांग, मला नको. इथून कुणाला घरी जावं लागेल का?"

एका लहान मुलाने पेढा मागितला, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. साईनाथ नारळाकडे बघत होता, शेंडीवरून अंगठा फिरवत. मग तो स्पष्ट म्हणाला, "नाही. ह्या हॉलमधून कुणालाही घरी जावं लागणार नाही."

आणि त्याने नारळ फोडला. एका फटक्यात दोन शकलं. टाळ्या झाल्या. कौशल्याने श्यामलाकडे पाहिलं, आणि श्यामलाने, जरा उशिराने, मान हलवली.

मग सगळ्यांनी आपापल्या मशीनला ग्रीस लावलं. कौशल्याने आपलं मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर सुतळी बांधली. शेवटची गाठ तिने तिच्या पद्धतीने मारली, दुहेरी, वळवून. गावी वाशिमकडे कापसाचं गाठोडं बांधताना तिची आई अशी गाठ मारायची. वर झेंडूचा हार ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसरा. तोरण चढलं. श्रीखंड फडक्यातून काढून झालं. साईनाथ आला नाही.

"येईल," कौशल्या म्हणाली. "आता मोठा माणूस झालाय, चार घरी जावं लागत असेल."

शेजारीण सोनं देऊन गेली. कौशल्याने ते हातात घेतलं, पण तिला चुकल्यासारखं झालं. पहिलं सोनं दुसऱ्याचं झालं होतं. दुपार झाली. अपेक्षा, तिची मुलगी, मोबाइल बघत म्हणाली, "आई, त्याचा मेसेज आलाय की. सकाळीच. तुमच्या हॉलच्या ग्रुपवर टाकलाय."

कौशल्याने फोन घेतला. आपट्याच्या पानाचं चित्र होतं, सोनेरी, चकचकीत. खाली शुभेच्छा. असले मेसेज सगळेच पाठवतात. पण साईनाथने तिला कधी पाठवला नव्हता. तो यायचा. पावसात आला होता, ताप असताना आला होता, लग्न झालं त्या वर्षी बायकोला घेऊन आला होता.

ती फोनकडे बघत राहिली. चाळीस बायकांच्या समोर उभं राहून, नारळ हातात घेऊन बोलताना त्याचा आवाज कापला नव्हता. पण तिच्या दारात येऊन, वाकून, डोक्यावर तिचा हात घेणं त्याच्याने झालं नव्हतं. का झालं नसेल?

"कुठे निघालीस? जेवायचंय ना?" अपेक्षाने विचारलं.

"आले," म्हणत तिने चपला घातल्या.

गल्लीच्या टोकाशी वळल्यावर तिला आधी ट्रक दिसले. दोन लांबलचक कंटेनर, पुढे काचेवर झेंडूचे हार. फाटकाशी बाबुराव वॉचमन स्टूल टाकून बसला होता. तिला बघून तो उभा राहिला.

"ताई, आज कशाला आलात? सण आहे. घरी जा."

"रंगारी आलेत का, बाबुराव?"

बाबुरावने खाली बघितलं. त्याने फाटक उघडलं नाही, पण ती बाजूच्या लहान दिंडीदरवाजातून आत गेली तेव्हा अडवलंही नाही.

हॉलच्या दाराबाहेर झेंडूच्या हारांचा ढीग पडला होता. कालचेच हार. आत लाकडी खोकी मांडली होती आणि अनोळखी माणसं एकेक मशीन उचलून त्यात ठेवत होती. ती काळजीने काम करत होती. कुठे धक्का लागत नव्हता. लागणार तरी कसा, बांधणी पक्की होती. दाराजवळच्या खोक्यात प्लास्टिकवर तिला सुतळी दिसली. वळवून मारलेली दुहेरी गाठ.

समुद्रावरच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं. म्हणून ते जाड ग्रीस. हे तिला कालच कळायला हवं होतं. तिच्या बोटाला कळलंही होतं. तिने बोटाचं ऐकलं नाही, माणसाचं ऐकलं.

तिथेच उभं राहून तिने ग्रुपवर लिहिलं. साईनाथच्या सोनेरी पानाच्या खाली. 'सगळ्या गेटवर या. माझा शब्द खोटा ठरला.'

बायका आल्या. कुणी रिक्षाने, कुणी नवऱ्याच्या स्कूटरवर, नव्या साड्यांत, केसात गजरे तसेच. हिरा विहारातून थेट आली होती, पांढऱ्याशुभ्र साडीत. श्यामला चालत आली. तिच्या हातात आपट्याची पानं होती. वाटायला निघाली होती, तशीच वळली असावी. तिने उघड्या दारातून खोकी पाहिली आणि पानं पिशवीत टाकून पिशवीचं तोंड आवळलं.

तेवढ्यात साईनाथ केबिनमधून बाहेर आला. कोणाकडे बघावं हे त्याला कळेना, म्हणून तो कौशल्याकडे बघत राहिला.

"नोटीस उद्या लागणार होती," तो म्हणाला. "सगळ्यांना नियमाप्रमाणे जे आहे ते मिळेल. मी भांडलो, मावशी. खरंच भांडलो. माझ्या हातात काही नव्हतं."

"नारळ होता," कौशल्या म्हणाली.

कुणीतरी मागे रडायला लागलं. साईनाथचे कान लाल झाले.

"श्रावणापासून माहीत होतं तुला?"

त्याने नजर खाली वळवली.

"काऊन रे?" कौशल्याची वऱ्हाडी बोली फक्त रागात वर यायची, आणि ती फार क्वचित. "काऊन केलं असं? मला सांगतास. म्हणतास, मावशी, बंद होतंय, तरी शिकवा. शिकवलं नसतं का मी? त्या पोरीला रडत रडत शिकवलं असतं. पण माझ्या तोंडून ह्या बायकांना काऊन फसवलंस?"

"सांगितलं असतं तर काम थांबलं असतं," तो हळू म्हणाला. "तुम्ही म्हणालात तरच त्या ऐकतात."

म्हणजे त्याने तिला हेरूनच केबिनमध्ये बोलावलं होतं. खुर्ची पुढे करून.

आणि मग त्याला वाटलं असावं, निदान ह्या एका माणसाचं आपण काहीतरी भलं केलंय, ते तरी सांगावं. तो एक पाऊल पुढे आला. "तुमचं मात्र मी बोलून ठेवलंय. तिकडे सुरुवातीला शिकवायला माणूस लागणार आहे. तुमचंच नाव दिलंय मी. पासपोर्टचं सगळं कंपनी बघेल. तुम्हाला मी वाऱ्यावर नाही सोडलं, मावशी."

हे तो हळू आवाजात म्हणाला होता. पण त्या बायकांचं आयुष्य बारीक गोष्टींवर लक्ष ठेवण्यात गेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं.

कौशल्याने मान वळवली. तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका जागच्या हलल्या नव्हत्या, तरी त्या मागे गेल्यासारख्या वाटल्या.

"अच्छा," श्यामला म्हणाली.

"श्यामला, मला ह्यातलं काही..."

"अभिनंदन हो, कौशल्याबाई. परदेशात थंडी असेल, शाल घेऊन जा."

इतक्या वर्षांत श्यामलाने तिला कधी 'बाई' म्हटलं नव्हतं. कौशल्याला त्या हॉलमधल्या खोक्यांनी जे झालं नव्हतं ते ह्या एका हाकेने झालं. तिला वाटलं, सांगावं, मी जाणार नाही. पण 'जाणार नाही' हासुद्धा एक शब्दच. तिच्या शब्दाची किंमत आता कोण करणार होतं?

साईनाथ वाकला. सवयीने असेल, लाजेने असेल, तो तिच्या पायांशी वाकला. कौशल्याने पाय मागे घेतले. त्याचे हात फरशीवर टेकले आणि तिथेच राहिले.

ती वळली. पहिल्या कंटेनरची दारं लागली होती, इंजिन सुरू होतं. कौशल्या फाटकापर्यंत चालत गेली आणि ट्रकच्या पुढच्या चाकांसमोर, रस्त्यावर, दसऱ्याच्या नव्या साडीत मांडी घालून बसली. बोलायचं तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं. बसता येत होतं, म्हणून बसली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून बाबुरावला हिंदीत विचारलं, "ये क्या है?"

"कामगार आहे," बाबुराव म्हणाला.

मग हिरा आली. पांढऱ्या साडीचा विचार न करता ती डांबरावर कौशल्याच्या डाव्या बाजूला बसली. तिच्यामागून एकेक करत बाकीच्या. कुणी कौशल्याच्या पाठीला लागून बसलं, कुणी लांब, पण बसल्या. ट्रकचं इंजिन बंद झालं, आणि गल्लीत कुठल्यातरी घरात लावलेली आरती ऐकू येऊ लागली.

श्यामला सगळ्यांत शेवटी आली. उजवीकडची जागा रिकामी होती. हॉलमध्येही ती उजवीकडेच बसायची. तिने खाली बघितलं, साडीच्या निऱ्या सावरल्या आणि बसली. मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

कौशल्याने तिच्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने तिने आपला हात त्या मधल्या जागेत, डांबरावर, उताणा ठेवला. श्यामला समोर ट्रकच्या काचेवरच्या हाराकडे बघत होती. आपट्याच्या पानांची पिशवी तिच्या मांडीवर होती, तोंड आवळलेली.

अंधार पडेपर्यंत तो हात तिथे होता.